माझा अंबाडा आणि जावेचा शेक

माझ्या धाकट्या जावेने मला फसवलं. फसलेली बाई म्हणजे मी, तिची थोरली जाऊ. नाशकात फुलांचा ठोक धंदा करते आणि भाव करण्यात भल्याभल्यांना पाणी पाजते. हे सगळं पहिल्याच दमात लिहून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट काढली की दुसऱ्या वाक्याला कोणीतरी म्हणतंच, "सोडा ना आता." नाही सोडणार. माझ्या डोक्यावर जे होतं त्यातलं निम्मं सुटून गेलं, तेवढं सोडणं पुरे झालं.

आधी डोक्याबद्दल. लग्न होऊन आले तेव्हा मी घाटावर पाटी घेऊन बसायचे. आज फुलबाजारात माझा गाळा आहे, मखमलाबादकडचे शेतकरी माझ्याकडे माल टाकतात आणि लग्नाच्या हंगामात मोठमोठे डेकोरेशनवाले मला आधी फोन करतात. हे मला कोणी ताटात वाढून दिलेलं नाही. एकदा एका कार्यालयवाल्याने सजावट पूर्ण झाल्यावर "फुलं शिळी वाटतात" म्हणून भाव पाडायला सुरुवात केली. वरात दारात होती. मी शिडी मागवली आणि स्वतः चढून तोरणं उतरवायला लागले. तिसऱ्या तोरणाला त्याला फुलं ताजी वाटायला लागली.

पण या सगळ्यात माझी खरी पाटी म्हणजे माझा अंबाडा. नारळाएवढा. त्यावर रोज सकाळी मोगऱ्याचा नाहीतर अबोलीचा गजरा. माझ्याकडे सुटे गजरे घ्यायला येणाऱ्या बायका गजरा बघतच नसत. माझा अंबाडा बघत आणि गजरा घेत. घरी नेऊन स्वतःच्या शेपटीला लावल्यावर तो तसा दिसत नसे, हा त्यांचा प्रश्न. दुकानदार रंगीत बोर्ड लावतात, त्यावर दिवे सोडतात. माझा बोर्ड मी मानेवर घेऊन फिरायचे.

फक्त त्या मानेखालचं सगळं वाढत चाललं होतं. पहाटे बाजारात बसायचं, भूक लागली की वडापाव, पुन्हा भूक लागली की चहा-खारी, दुपारी घरी येऊन थकव्याच्या नावाखाली जेवायचं आणि जेवणाच्या नावाखाली झोपायचं. गाळ्यावरच्या ओट्यावरून उठताना मला दोन हमालांची आठवण व्हायला लागली. गुडघे बोलायला लागले. डॉक्टरीणबाई, आमच्या गल्लीतल्याच, प्रत्येक वेळी सांगायच्या, "चाला, आणि जेवणातला तेलकटपणा कमी करा." त्यांनी फुकटात सांगितलेलं मी फुकटात सोडून द्यायचे.

तेवढ्यात माझी जाऊ वेलनेस कोच झाली.

ती शिकलेली. विम्याच्या कार्यालयात होती, ते सोडून तिने गंगापूर रोडला एका फ्लॅटचा हॉल भाड्याने घेतला आणि तिथे सकाळचा क्लब सुरू केला. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो. आधीच्या फोटोत सगळ्या बायका रडवेल्या आणि फोटो अंधारात. नंतरच्या फोटोत लिपस्टिक आणि ऊन. पहिल्या दिवशी मी ते फोटो बघून म्हणाले, "अगं, ही बारीक नाही झाली, हिने पोट आत घेतलंय." ती हसली. म्हणाली, "ताई, तुमची नजरच वेगळी."

इथे मला सावध व्हायला हवं होतं, आणि का झाले नाही ते सांगते. बाजाराचा एक साधा कायदा आहे. विकणारा मालाचं कौतुक करतो, घेणारा मालाला नावं ठेवतो. शेतकरी म्हणतो, "काकू, आत्ता तोडलाय झेंडू, दव बघा." मी म्हणते, "हे दव बाटलीतलं आहे." दोघांनाही माहीत असतं की दुसरा खोटं बोलतोय, आणि त्या दोन खोट्यांच्या मध्ये कुठेतरी भाव ठरतो. माझं सगळं आयुष्य या कायद्यावर उभं आहे. आता माझी जाऊ काय करत होती? ती मालाचं कौतुकच करत नव्हती. डब्यातल्या पावडरीबद्दल एक शब्द नाही. ती माझं कौतुक करत होती. "ताई, तुमच्यात जी जिद्द आहे ना, ती आमच्या क्लबात एकीत नाही." "ताई, तुम्ही मनावर घेतलं तर काय अशक्य आहे?" गिऱ्हाइकाचं कौतुक करून माल विकायचा, हा प्रकार मी जन्मात पाहिला नव्हता. नावं ठेवायला माझ्या हातात काही मालच येईना. जिद्द माझी, ती खोटी म्हणू का?

मी भाव करून पाहिला. "फिक्स आहे ताई, कंपनीचं असतं." फुलबाजारात फिक्स हा शब्द फक्त लग्न ठरल्यावर वापरतात.

बेत असा होता. सकाळी न्याहारीऐवजी शेक, संध्याकाळी जेवणाऐवजी शेक, दुपारी एकदा साधं जेवण. शेक म्हणजे दोन चमचे पावडर, पाणी, मिक्सर. आंब्याचा म्हणून दिलेला पिवळा असायचा आणि चॉकलेटचा तपकिरी. डोळे मिटून प्यायलं तर दोन्ही शाडूची माती. सकाळी सगळ्या जणी गोल बसून प्यायचो, मग गाणं लागायचं, मग टाळ्या. कोणाचं वजन उतरलं की टाळ्या, नाही उतरलं की प्रोत्साहनाच्या टाळ्या. मी टाळ्या देवळात सोडून कुठे वाजवल्या नव्हत्या. पण वजन उतरायला लागलं, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. माणूस जेवला नाही की बारीक होतो. हे सांगायला हॉल भाड्याने घ्यावा लागतो, एवढंच मला नवीन होतं.

मग क्लबात स्पर्धा आली. कोच लोकांच्या वर एक सर होते. मुंबईहून मोबाइलच्या पडद्यावर यायचे, गळ्यात टाय, मागे समुद्राचं चित्र. त्यांनी जाहीर केलं की जी सगळ्यांत जास्त उतरेल तिचा सत्कार. स्पर्धेपुरतं दुपारचं जेवणही बंद. तिथेही शेक, आणि फार भूक लागली तर काकडी. माझी जाऊ म्हणाली, "ताई, तुमच्या वयाच्या बायकांना जमत नाही हे, तुम्ही नाही केलं तरी चालेल."

हे तिने मुद्दाम म्हटलं का, हा प्रश्न मी नंतर तिला विचारला. तेव्हा मी काकडीची पिशवी घेऊन घरी आले.

मी जिंकले. सत्कार झाला, गळ्यात हार पडला. हार माझ्याच गाळ्यावरून गेला होता आणि शेवंती आदल्या दिवसाची होती, हे मी लांबूनच ओळखलं. सर पडद्यावरून म्हणाले, "ही बघा नाशिकची वाघीण!" घरी आमचे हे म्हणाले, "वाघीण काकडी खाते हे आजच कळलं." बाजारात तर कोणी अभिनंदन केलं नाही. शेजारच्या गाळ्यावरची म्हातारी हळूच जवळ आली. "काय गं, साखर निघाली का? का काही दुसरं? लय उतरली तू. घरात बोलली का कोणाला?" एक हमाल मला रस्ता ओलांडताना हात द्यायला लागला.

सत्कारानंतर काही आठवड्यांनी केस जायला लागले.

आधी फणीत. मग उशीवर. मग न्हाणीघरात पाणी तुंबायला लागलं आणि ह्यांनी तारेने जाळी साफ करून जे बाहेर काढलं ते बघून विचारलं, "मांजर पडलं का यात?" मी जावेकडे गेले. ती म्हणाली, "शेक तुम्ही इतके दिवस घेताय ना ताई? तेव्हा काही झालं नाही. मग शेकने कसं होईल? पाणी. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे ना?" पटलं. नाशकात कोणाचेही केस गेले की खापर पाण्यावर फुटतं. पाण्याला वकील नसतो. क्लबात नळाला लावायचा फिल्टर मिळत होता. घेतला. केस जातच राहिले, फक्त आता स्वच्छ पाण्यातून जायला लागले.

मग ती म्हणाली, टेन्शन. त्याच्यासाठी एक चहा होता. मग म्हणाली, "ताई, आतून पोषण पाहिजे." त्याच्यासाठी बायोटिनच्या गोळ्या होत्या, लाल, लुसलुशीत, लहान मुलांच्या चॉकलेटसारख्या, आणि वर केस-त्वचा-नखं म्हणून आणखी एक मोठी डबी. दोन घेतल्या की दोन फुकट. इथे एकदाचा माझा भाव झाला असं मला वाटलं.

आता इथे जे झालं ते फक्त फुलवालीच करू शकते. माझ्या धंद्यात उरलेला माल म्हणजे तोटा. सकाळचा मोगरा संध्याकाळी कचरा असतो. तेव्हा माझ्या डोक्यात उरलेली वस्तू बसूच शकत नाही. फुकटच्या डब्यांवर मुदत जवळ आलेली दिसली. वाया कशाला घालवायच्या? दिवसाला एक सांगितलेली गोळी मी सकाळ-दुपार-संध्याकाळ खायला लागले, आणि मोठ्या डबीतलीही तशीच. जेवण नाही, गोळ्या पोटभर. जाता-येता तोंडात. ह्यांनाही एक दिली. ते म्हणाले, "गोड आहे. माझ्या टकलावर उगवलं तर तुझ्या जावेचं देऊळ बांधू."

माझ्या आईची एक सवय माझ्या अंगात आहे. गळलेले केस टाकायचे नाहीत. फणीचे केस बोटाभोवती गुंडाळून पिशवीत ठेवायचे. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली की तिला द्यायचे आणि त्यावर चमचा, वाटी, जे मिळेल ते घ्यायचं. एरवी माझी पिशवी भरायला वर्ष जायचं. यंदा ती पिशवी भरली, दुसरी भरली आणि तिसरी दाराच्या खिळ्याला लटकली. त्यात "केसांवर भांडीऽऽ" अशी हाक आली.

भांडीवाली ओट्यावर बसली, पिशव्या उघडल्या, एक गुंता सोडून उजेडात धरला आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, केस बारीक हे. पहिल्यासारखा राह्यला नाय. जीव नाय त्यात."

मी काय करावं? घेणारा मालाला नावं ठेवतो. मी खवळले. "जीव नाही? अगं, हा अंबाडा बघ माझा! नाशकात असा केस दाखव मला दुसरा. तुला घ्यायचा नसेल तर ऊठ."

"घ्यायचा हे ओ, पण बघा ना, किती पातळ. ह्या वाटीच्या वर नाय परवडत."

"वाटी तुझ्या घरी ठेव. तो डबा काढ. झाकणाचा."

"मावशी, डबा कुठं! घरात बाया किती हायेत तुमच्या?"

"मी एकटी."

तिने पिशव्यांकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि झाकणाचा डबा काढून दिला. मी तो घेऊन आत आले. ह्यांना दाखवला. "वाटीवर बोळवण करत होती. डबा काढायला लावला." मला अभिमान वाटत होता. माझ्याच डोक्यावरून गेलेला माल मी चढ्या भावाने खपवला होता. आणि बाई खरं बोलत होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही, कारण घेणारीने खरं बोलायचं असतं हे मला कोणी शिकवलेलंच नव्हतं. तो डबा अजून आहे. त्यात मी काही ठेवत नाही.

मग एक दिवस गाळ्यावर निशिगंधाची जुडी उचलताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी ओट्यावर बसले ती बसलेच. ह्यांनी मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला आणि त्यांनी एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"हा कागद म्हणतो तुमचं थायरॉईड जोरात चाललंय. तुमच्याकडे बघून मला तसं वाटत नाही. केसांसाठी काही घेता का?"

"गोळ्या घेते."

"बायोटिनच्या? किती?"

मी सांगितलं. मुदतीचंही सांगितलं. त्या कपाळाला हात लावून हसल्या. मग म्हणाल्या की बायोटिन जास्त पोटात असलं की थायरॉईडची तपासणीच चुकू शकते. रोग नसताना कागदावर रोग दिसतो. गोळ्या बंद करा, थोडे दिवस जाऊ द्या, पुन्हा तपासू. ह्यांनी सगळे डबे पिशवीत घालून आणले होते, त्यातल्या मोठ्या डबीवरचं वाचून मात्र त्या गंभीर झाल्या. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम ही प्रमाणाबाहेर गेली तर त्यांनीच केस गळतात, असं म्हणाल्या.

"म्हणजे मी केस उगवायच्या गोळीने केस घालवत होते?"

"थोडेफार असतील. पण मुळात तुम्ही जेवत नव्हता." त्यांनी समजावून सांगितलं. शरीराला अन्न कमी पडलं की ते आधी बिनगरजेचा खर्च बंद करतं, आणि केस हा त्याच्या मते बिनगरजेचा खर्च. केस मुळाशी वाढायचे थांबतात, पण लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी पडतात. म्हणून उपाशी असताना काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा माणूस पाण्याला दोष देतो. मग त्यांनी त्याच पिशवीतला पावडरीचा डबा काढला, चष्मा सरकवून मागचं बारीक इंग्रजी वाचलं आणि मराठीत सांगितलं, "हा एकमेव आहार म्हणून वापरू नये, असं लिहिलंय इथे."

"कुठे?"

त्यांनी बोट ठेवलं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं.

मला वाटलं, आता ह्या जावेच्या मालाला नावं ठेवून झाली, आता स्वतःची गोळी काढतील. मी मनात भावाची तयारी करून बसले. त्यांनी लिहून दिलं: डाळ, अंडी, पालेभाजी, भाकरी, मूठभर शेंगदाणे. रक्तात लोह कमी निघालं होतं, तेवढ्या एका गोळीचं नाव लिहिलं, तीही बाहेरच्या दुकानातून घ्यायची. "बहुतेक परत येतील केस. वेळ लागेल. दुसरं काही घेऊ नका." विकायला काहीच नसलेला माणूस समोर बघून मी आयुष्यात पहिल्यांदा गडबडले. भाव कशाचा करणार?

घरी आले आणि मला राग चढला. साधा नाही, शिडीवर चढवतो तो. गौरी चार दिवसांवर होत्या. आमच्याकडे गौरी जेवतात त्या दिवशी सगळं कुटुंब थोरल्या घरी, म्हणजे माझ्याकडे असतं. मी ठरवलं, सगळ्यांच्या देखत, जेवणं झाल्यावर, पावडरीचा डबा पाटावर ठेवायचा आणि तिला उभी करायची. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "गौरींसमोर?" मी म्हटलं, "गौरींना पण कळू दे."

गौरी जेवायच्या दिवशी घरातल्या सगळ्या बायकांच्या केसांत गजरा मी माळते. फुलवालीच्या घरचा रिवाज. बायका ओळीने पाठमोऱ्या बसतात, मी एका हातात गजऱ्याची परडी, तोंडात केसांचे आकडे घेऊन मागून जाते. इतकी डोकी मी माळली आहेत की डोळे मिटून सांगेन कोणाचा केस तेलकट, कोणाचा उभा, कोणाला आकडा कुठे धरतो.

धाकटी जाऊ शेवटी बसली. नेहमीची लांब वेणी पाठीवर. मी मनात माझं भाषण घोकत होते. गजरा वेणीच्या मुळाशी ठेवला, आकडा खोचला. धरला नाही. दुसरा खोचला, आणि जरा दाबला, कारण राग माझ्या हातातही होता. आणि वेणी सरकली.

वेणी म्हणजे अख्खी वेणी. मुळासकट बोटभर खाली आली. ते गंगावन होतं. त्याच्या वर, मानेच्या खळगीत, तिचे स्वतःचे केस काळ्या रबरात बांधलेले, करंगळीएवढा जुडगा. भांगात टाळू चमकत होती आणि तिच्यावर काजळासारखं काहीतरी फासलेलं होतं.

तिला कळलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तिने दोन्ही हातांनी पाटाची कड घट्ट धरली. पलीकडे सासूबाई म्हणत होत्या, "झालं का गं? नैवेद्य थांबलाय."

मला हवी होती ती गोष्ट माझ्या हातात होती. नुसतं वर उचलायचं. सगळ्या घराला दिसलं असतं. कोचबाईचं डोकं. भाषणाची गरज नव्हती.

मी तोंडातले सगळे आकडे एकापाठोपाठ खोचले, परडीतले उरलेले गजरे तिच्यावर लादले आणि म्हणाले, "झालं." तिचं डोकं देवाच्या पालखीसारखं दिसत होतं. कोणीतरी म्हणालं, "धाकटीवर लय जीव आहे थोरलीचा." मी त्या बाईकडे असं बघितलं की ती पुरणपोळ्या मोजायला लागली.

जेवणं झाल्यावर मी तिला मागच्या मोरीपाशी धरलं.

"कधीपासून?"

"ताई, हळू."

"हळू बोलायचं दुकान मी कधी काढलंच नाही. कधीपासून?"

"तुमचे गळायला लागले तेव्हा माझे निम्मे गेले होते."

"आणि मला पाणी सांगितलंस?"

"मला सरांनी पाणीच सांगितलं होतं. मी फिल्टर लावला. न्हाणीघराला, स्वयंपाकघराला, क्लबला पण. मग गोळ्या. मला वाटलं माझंच काहीतरी कमी पडतंय. मला वाटलं..." तिने वेणी चाचपली. "तुम्हाला तरी लागू पडेल."

इतक्या वर्षांच्या बाजारात मी एवढं फसवं आणि एवढं खरं वाक्य ऐकलेलं नाही. ते उचलून कुठल्या पारड्यात टाकावं मला कळेना.

"आणि स्पर्धेच्या वेळी? 'तुमच्या वयाला जमत नाही' म्हणालीस, ते?"

तिने मान खाली घातली. "सरांनी शिकवलेलं वाक्य आहे ते. जिद्दी गिऱ्हाइकासाठी."

माझ्या जिद्दीसाठी आधीच एक वाक्य तयार करून ठेवलेलं होतं, हे मला केसांपेक्षा जास्त लागलं. मी म्हटलं, "लाव फोन त्याला."

"आज सण आहे ताई."

"त्याच्याकडे पण असेल. लाव."

तिने लावला. मी फोन हिसकावून घेतला, स्पीकर सुरू केला आणि सगळं सांगितलं: केस, चक्कर, थायरॉईड, डब्यावरची मुंगीची अक्षरं. माझं संपल्यावर सर म्हणाले, "वा! मॅडम, तुमच्या आवाजात काय ताकद आहे!"

"केसांचं बोला."

"मॅडम, मी इतक्या वर्षांत असं तळमळीने बोलणारी व्यक्ती ऐकली नाही. तुम्ही नाशिकच्या लीडर व्हायला पाहिजे. तुमचं वजन उतरलं की नाही, ते आधी सांगा?"

"उतरलं. केसांचं बोला."

"मग पॉझिटिव्ह बघा ना! लोकांना रिझल्ट दिसतो. केस काय, येतात-जातात. आमच्याकडे आता नवीन सीरम येतंय..."

मी जे म्हणाले ते गौरींच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही. फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. माझ्या नंबरवरून लावला, एकदाच वाजला आणि मग लागेनासाच झाला. जावेने फोन परत घेतला आणि पदराने पुसला.

त्यानंतर आमच्यात बोलणं आहे आणि नाहीही. क्लबचा हॉल तिने अजून सोडलेला नाही. म्हणते, बायका येतात, त्यांना काय सांगू? मी म्हणते, डोकं दाखव. ती म्हणते, "ताई, तुम्हाला सोपं आहे." सोपं काय आहे त्यात? माझ्या भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर उंचीचे नवे केस आलेत, सरळ उभे, पेरणीनंतरच्या मेथीसारखे. गजरा त्यांच्यात धरत नाही. गाळ्यावर मी डोक्याला रुमाल बांधून बसते आणि बायका विचारतात, "काकू, नवस होता का?" मी म्हणते, होता, पण देव मुंबईला असतो आणि फोन उचलत नाही.

तेव्हा आता मी इथे विचारते, सगळ्यांच्या देखत. सर, पोटात अन्न नसलेल्या बाईला तुम्ही केसांची गोळी विकलीत, तेव्हा तिच्या पोटात अन्न नाही हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? तो उपास तुम्हीच सांगितला होता. डब्यामागची ती ओळ तुम्ही वाचली होती की नव्हती? जिद्दी गिऱ्हाइकासाठीचं वाक्य कोणी लिहिलं, आणि ते लिहिताना त्याच्या घरातल्या बायका काय जेवत होत्या? माझ्या आवाजाचं कौतुक नको. सीरम नको. हो म्हणा किंवा नाही म्हणा.

आणि तुम्ही बोलत नाही तोवर ती बोलेल. धाकटे, तुला सांगते. गौरींच्या दिवशी मी तुझं डोकं झाकलं ते सासूबाईंपासून. त्या हॉलमध्ये रोज सकाळी टाळ्या वाजवणाऱ्या बायकांपासून नाही. त्यांच्या न्हाणीघरातही पाणी तुंबत असेल आणि त्याही बोअरला शिव्या देत असतील. उद्या सकाळी शेक वाटायच्या आधी त्यांना सांग, काय गेलं, कशाने गेलं, आणि तुला कधी कळलं. मला नाही, त्यांना उत्तर दे. मी मागच्या रांगेत येऊन बसणार आहे.